हिरव्या बटनाची कुळकथा

रांजणगावच्या एमआयडीसीतल्या मोठ्या कारखान्यांच्या पंपहाउसमध्ये आग विझवण्याचे पंप ओळीने बसवलेले असतात. एक छोटा जॉकी पंप, एक विजेवरचा मोठा आणि वीज गेलीच तर म्हणून एक डिझेलचा. पाइपात पाणी साधारण सात किलो दाबाने कायम भरलेलं. कुठे बारीक गळती होऊन दाब थोडा उतरला, की जॉकी आपोआप सुरू होतो, दाब भरून काढतो आणि आपोआप थांबतो. कुणी हायड्रंट उघडला आणि दाब एकदम पडला, की मोठा पंप धावतो. पण तो आपोआप थांबत नाही. आग विझली याची खात्री करून माणसानेच तो हाताने बंद करायचा, असा दंडक आहे. कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांत तर या दंडकाची थट्टा कुणी करत नाही.

आता घोडनदीच्या काठाला उतरा. बंधाऱ्याच्या फुगवट्यावर ओळीने मोटरी आणि प्रत्येकीची पत्र्याची पेटी. पेटीत स्टार्टर, असला तर कपॅसिटर, आणि तळहातात मावेल एवढा ‘ऑटो’. लाइट आली की मोटर सुरू करणं हेच त्याचं मुख्य काम. कारखान्यातला प्रोग्रॅमेबल कंट्रोलर, ज्याला सगळे पीएलसी म्हणतात, आणि शेतातला हा ऑटो एकाच कुळातले. मूळपुरुष म्हणजे स्टार्टरचं हिरवं बटन.

मोटेच्या काळात हा प्रश्नच नव्हता. पुढे तेलावरची इंजिनं आली. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात 1946 साली निघाली आणि तिचं इंजिन जिल्ह्यात विहिरीविहिरीवर बसलं. पण इंजिनाला हँडल मारायला माणूस लागायचाच. वीज आली तेव्हा पहिल्यांदा, माणूस नसताना यंत्र सुरू होण्याची शक्यता निर्माण झाली. आणि तो धोका आहे, हे स्टार्टर बनवणाऱ्यांनी आधीच ओळखलेलं होतं.

हिरवं बटन दाबलं की आतल्या कॉइलला वीज मिळते, ती लोहचुंबक बनून काँटॅक्ट ओढून धरते आणि मोटर फिरू लागते. बोट काढलं तरी मोटर बंद पडत नाही, कारण ओढल्या गेलेल्या काँटॅक्टांपैकीच एक छोटा काँटॅक्ट त्या कॉइलला वीज देत राहतो. कॉइल काँटॅक्टला धरते, काँटॅक्ट कॉइलला धरतो. लाल बटन ही साखळी तोडतं. लाइट गेली तरी ती तुटते, आणि लाइट परत आल्यावर आपणहून जुळत नाही. आपल्याकडे सगळे जिला ‘नो व्होल्ट कॉइल’ म्हणतात ती हीच. गेलेली लाइट अचानक आली आणि मोटर उघडून बसलेल्या माणसाचा हात आत असला, तर काय होईल, या विचारातून आलेली ही योजना. एल अँड टीच्या स्टार्टरने ती गावोगाव नेली.

कारखान्यात याच साखळ्या शेकड्याने वाढल्या. हा पंप चालू असेल तरच तो व्हॉल्व्ह उघडावा, दाब कमी झाला तर दुसरा पंप घ्यावा, अशी प्रत्येक अट म्हणजे एक रिले. कपाटंच्या कपाटं रिलेंनी भरली. अमेरिकेत जनरल मोटर्सला गाडीचं मॉडेल बदललं की ती कपाटं नव्याने जोडावी लागत. 1968 मध्ये त्यांनी यावर उपाय मागितला. डिक मॉर्ले आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जे यंत्र केलं त्याचं नाव मोडिकॉन 084. त्यांच्या बेडफर्ड असोसिएट्स या कंपनीचा तो चौऱ्याऐंशीवा प्रकल्प, म्हणून 084. तारा बदलायच्या ऐवजी आता सूचना बदलायच्या.

मला यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वेगळीच वाटते. या यंत्राला सूचना द्यायच्या त्या इलेक्ट्रिशियनला आधीपासून ठाऊक असलेल्या रिलेच्या नकाशातून, शिडीच्या पायऱ्यांसारख्या आखलेल्या. कारागिराला नवी भाषा शिकायला लावली नाही. आजही पीएलसी शिकणारं पोर शिडीची पहिली पायरी आखतं ती हीच: हिरवं बटन, लाल बटन, कॉइल आणि तिला धरून ठेवणारा काँटॅक्ट. योगायोग असा, की मोडिकॉन बनवणारी कंपनी फिरतफिरत श्नायडर या फ्रेंच कंपनीकडे गेली आणि 2020 साली एल अँड टीचा स्टार्टरचा धंदाही त्याच श्नायडरने घेतला. दोन्ही शाखा एका छपराखाली आल्या.

दौंड तालुक्यातल्या साखर कारखान्यांत बॉयलरला पाणी देणारे उच्चदाबाचे पंप असतात. चालू पंप दगावला आणि बॉयलरमधलं पाणी खाली गेलं, तर नळ्या जळतात. म्हणून दाब पडताच राखीव पंप घेण्याचं काम कंट्रोलरकडे. पण त्यालाही वीज जाऊन परत आल्यावर विचारावं लागतं: सगळं ठीक आहे ना, सुरू करू ना? ही परवानगी मागण्याची सवय त्याला नो व्होल्ट कॉइलकडून मिळाली.

शेतकऱ्याला अशी परवानगी मागणारं यंत्र परवडेना. थ्री फेज लाइट आठ-दहा तास, कधी दिवसा, कधी रात्री, आणि मधे चारदा जाणार. रात्री दोनला लाइट आली तर उसातून वाट काढत पेटीपर्यंत जायचं. विंचूकाटा होताच, आता शिरूरच्या उसात बिबट्याही आहे. कालव्याचं आवर्तन संपत आलेलं, नाहीतर बंधाऱ्यात पाणी उतरत चाललेलं. अशा वेळी सुरक्षिततेची ती साखळी हीच अडचण झाली, आणि ऑटोचा जन्म झाला. तिन्ही फेज आले की तो हिरव्या बटनावरच्या बोटाचं काम करतो. एखादा फेज गेला तर मोटर जळण्याआधी बंद करण्याची सोयही त्यात बहुधा असते.

पुण्याचे इंजिनिअर संतोष ओस्तवाल यांनी वेगळी वाट धरली. आजोबांना मोटरीसाठी घालावे लागणारे हेलपाटे त्यांनी पाहिले होते. त्यांच्या ‘नॅनो गणेश’ला मोबाइलवरून फोन लावायचा, लाइट आहे का ते आवाजावरून ओळखायचं, मग आकडे दाबून मोटर चालू किंवा बंद करायची. 2009 मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं. बोट इथेही माणसाचंच, फक्त लांबून. नो व्होल्ट कॉइलचा हेतू या यंत्राने राखला, म्हणून मला ते ऑटोपेक्षा खानदानी वाटतं.

महावितरण वर्षानुवर्षं सांगतंय, ऑटो काढा, कपॅसिटर बसवा. तक्रार खरी आहे. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. लाइट आली त्याच क्षणी एका डीपीवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटरींनी उडी घेतली, की डीपी जळते आणि नवी येईपर्यंत पीक वाळतं. पण रात्रीची लाइट देऊन ऑटो काढायला सांगणं म्हणजे शेतकऱ्याला अंधारात पाठवणं. सौर कृषी वाहिनी योजना 2017 पासून दिवसा वीज देण्यासाठी चालू आहे. ती प्रत्येक फीडरवर पोचेल तेव्हा ऑटो काढायला सांगण्याचा हक्क येईल.

तोवर एक करता येईल. रांजणगावचा पीएलसी वीज आल्यावर, परवानगी मिळाली तरी, सगळ्या मोटरी एकदम घेत नाही, थोड्याथोड्या सेकंदांच्या फरकाने घेतो. टायमर असलेला ऑटो बाजारात मिळतो. एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी एकदा पारावर बसावं आणि वेळा वाटून घ्याव्यात: पहिल्याची मोटर दहा सेकंदांनी, दुसऱ्याची वीस, तिसऱ्याची तीस. आणि पेटीत हात घालण्याआधी, लाइट गेलेली असली तरी, मेन स्विच खाली ओढावा.