मोल्ड तयार, पण पैसे अडकले? टूलरूमने ग्राहकाशी आधीच काय ठरवावं

बाटलीचं झाकण, स्विचबोर्ड, गाडीचा डॅशबोर्ड. अशा असंख्य वस्तू इंजेक्शन मोल्डिंगने बनतात. वितळलेलं प्लास्टिक दाबाने स्टीलच्या साच्यात भरायचं, थंड होऊ द्यायचं आणि तयार वस्तू बाहेर काढायची. या साच्याला मोल्ड म्हणतात आणि तो बनवणाऱ्या कारखान्याला टूलरूम. भोसरी, चाकण, वाळूज या पट्ट्यांत अशा अनेक लहान टूलरूम आहेत.

एका ग्राहकासाठी बनवलेला मोल्ड दुसऱ्याला विकता येत नाही. त्यामुळे वाद झाला की टूलरूमचं भांडवल अडकतं. असे वाद टाळायचे, तर स्टील कापण्याआधीच काही गोष्टी लिहून घ्याव्या लागतात.

कोटेशन देण्याआधी काय विचारावं?

मटेरियल: थंड होताना प्लास्टिक आकसतं. एबीएस साधारण 0.4 ते 0.7 टक्के, तर पॉलिप्रॉपिलीन 1 ते 2.5 टक्के. तेवढं माप मोल्डमध्ये आधीच वाढवलेलं असतं. मोल्ड झाल्यावर ग्राहकाने मटेरियल बदललं, तर वस्तूचं माप चुकतं.

किती नग काढायचे: अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या वर्गवारीत 101 क्लासचा मोल्ड 10 लाख किंवा त्याहून जास्त शॉटसाठी असतो, तर 105 क्लासचा फार तर 500 शॉटसाठी. स्टील आणि किंमत त्यावरच ठरते.

मशीन: ते किती टनांचं आहे आणि टाय बारमध्ये अंतर किती, हे माहीत नसेल तर मोल्ड मशीनमध्ये बसेलच असं नाही.

डिझाइन फायनल कधी समजायचं?

पार्टिंग लाइन कुठे येईल, गेट कुठे असेल, इजेक्टर पिनचे ठसे कुठे दिसतील, भिंतीची जाडी आणि ड्राफ्ट पुरेसा आहे का, हे सगळं डीएफएम रिपोर्टमध्ये दाखवावं. त्यावर ग्राहकाची लेखी मंजुरी घ्यावी आणि मगच स्टील कापावं.

कारण स्टील काढणं सोपं असतं, पण परत भरणं अवघड. त्यासाठी वेल्डिंग करावं लागतं किंवा नवा इन्सर्ट बनवावा लागतो. म्हणूनच नाजूक मापांच्या जागी सुरुवातीला थोडं स्टील जास्त ठेवतात. नंतर ग्राहकाने बदल सांगितला, तर वाढीव खर्च आणि वाढीव दिवस लेखी मान्य झाल्याशिवाय काम सुरू करू नये. फोनवर सांगितलेला बदलही त्याच दिवशी मेलवर टाकावा.

काम सुरू असताना काय कळवावं?

दर आठवड्याला फोटोसह प्रगती कळवावी. उशीर होणार असेल, तर तारीख उलटण्याआधी सांगावं. ग्राहकाला त्याचं पुढचं उत्पादन आखायचं असतं.

ट्रायल पास म्हणजे काय?

पहिल्या ट्रायलला टी-1 म्हणतात. त्यात सगळं बरोबर येईलच असं नाही. किमतीत किती ट्रायल धरल्या आहेत, मटेरियल कोण देणार, कोणती मापं तपासायची आणि किती नग चांगले आले की मोल्ड मंजूर समजायचा, हे पीओमध्येच असावं. 'समाधानकारक असावा' एवढंच लिहिलं असेल, तर शेवटचा हप्ता लांबू शकतो.

पैशांचं काय?

पीओसोबत ॲडव्हान्स, नंतर डिझाइन मंजुरी, टी-1 आणि अंतिम मंजुरी असे हप्ते पाडता येतात. एमएसएमईडी कायदा 2006 नुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांना माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे मिळायला हवेत. लेखी करार नसेल, तर ही मुदत 15 दिवसांची आहे. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं.

पण ग्राहकाने डिलिव्हरीनंतर 15 दिवसांत लेखी हरकत घेतली, तर ती दूर झाल्याचा दिवस हाच स्वीकारल्याचा दिवस धरला जातो. म्हणजे कायदा पाठीशी असला, तरी मंजुरीच्या अटी स्पष्ट असणं टूलरूमच्याच फायद्याचं ठरतं.