पितळेच्या पातेल्याची गोष्ट

इथल्या आपल्या घरांत पितळेची भांडी आता शोभेची झाली आहेत. फायरप्लेसवर आजीची चरवी, कोपऱ्यात घंगाळ आणि त्यात लावलेला मनी प्लांट. बॅगेचं वजन पुन्हा पुन्हा करून हौसेने आणलेली ही भांडी! पण यातल्याच एका भांड्यावर, म्हणजे दूध तापवायच्या साध्या पातेल्यावर, जगातल्या नामांकित मेडिकल जर्नल्समध्ये पानंच्या पानं छापून आली आहेत. त्या हकीकतीचं एक टोक पुण्याच्या रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलात आहे आणि दुसरं न्यूयॉर्कमध्ये. आपल्यापैकी अनेकांना ती ठाऊक नसते, म्हणून हा लेख.

आपल्या आजीच्या पिढीला हा आजार चांगला माहीत होता. सहा महिन्यांपासून तीन-चार वर्षांपर्यंतचं मूल किरकिरं व्हायचं, पोट वाढायचं, लिव्हर दगडासारखं कडक हाताला लागायचं. पुढे कावीळ, पोटात पाणी आणि काही महिन्यांत सगळं संपायचं. एकाच घरात लागोपाठ दोन मुलं गेल्याचीही उदाहरणं होती. कलकत्त्याच्या डॉक्टरांनी १८८० च्या दशकात त्याची नोंद केली आणि पुढे त्याला ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस’ हे नाव पडलं. मूल भारतातलं, आजार भारतातला, म्हणून नावही तसंच. कारणाचा मात्र पत्ता नव्हता. कोणी म्हणे व्हायरस, कोणी म्हणे आनुवंशिक, कोणी म्हणे आहारातली कमतरता. मद्रासच्या जम्मींचं लिव्हर-क्युअर घराघरात जायचं ते याच भीतीपोटी.

पहिला धागा सापडला तो मायक्रोस्कोपखाली. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधल्या पोर्टमन, टॅनर, मोवॅट आणि विल्यम्स या मंडळींनी या मुलांच्या लिव्हरचे तुकडे ऑर्सिन नावाच्या रंगाने रंगवले, तेव्हा पेशींमध्ये गडद कण दिसले. ही तांब्याची खूण. हा पेपर १९७८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, त्याच ‘लॅन्सेट’च्या एकाच अंकात दोन पेपर एकापाठोपाठ छापले गेले. पहिला संपतो त्याच पानावर दुसरा सुरू होतो. पहिल्यावर लंडनच्या मंडळींबरोबर पुण्याच्या डॉ. आनंद पंडितांचं नाव. दुसऱ्यावर न्यूयॉर्कचे हान्स पॉपर, गोल्डफिशर, स्टर्नलीब आणि दिल्लीचे डॉ. नायक व माधवन. दोन्हींचा निष्कर्ष एकच: या मुलांच्या लिव्हरमध्ये तांबं बेसुमार साठलं आहे. निरोगी लिव्हरमध्ये वाळलेल्या ऊतीच्या दर ग्रॅममागे साधारण ५० मायक्रोग्रॅमपर्यंत तांबं असतं, या मुलांमध्ये ते ८०० च्या वर, कधी काही हजारांत होतं.

पॉपरसाहेबांबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. ते मूळचे व्हिएन्नाचे. नाझींच्या तावडीतून निसटून १९३८ साली अमेरिकेत आले, शिकागोच्या कुक काउंटी हॉस्पिटलात आणि नंतर न्यूयॉर्कच्या माउंट सिनायमध्ये काम केलं. अमेरिकेतल्या लिव्हर-तज्ज्ञांची संघटना १९५० मध्ये सुरू झाली, तिच्या संस्थापकांपैकी ते एक. त्यांच्या ऑस्ट्रियाकडे आपल्याला पुन्हा वळायचं आहे.

तर, तांबं आहे हे कळलं. पण आलं कुठून? इथे केईएममधल्या डॉ. शीला भावे आणि डॉ. पंडित यांनी, टॅनर यांना सोबत घेऊन, जे प्रश्न विचारले ते एखाद्या सासूने सुनेला विचारावेत इतके साधे होते. बाळाला वरचं दूध कधी सुरू केलं? ते कशात तापवता? कशात ठेवता?

उत्तर यायचं: पितळेच्या, नाहीतर तांब्याच्या भांड्यात.

आता आपल्याकडे हे ज्ञान नव्हतं असं नाही. कल्हई न केलेल्या पितळेत ताक किंवा आमटी ठेवली की कळकते, हे कोणत्याही गृहिणीला ठाऊक. म्हणून तर कल्हईवाला दारात भाता लावून बसायचा, आणि नवसागराचा तो धूर नि कथलाची ती चकाकी बघायला आम्ही पोरं जमायचो. पण दूध काही आंबट नसतं, त्यात कसली भीती, असंच बहुतेकांना वाटत असणार. शिवाय कल्हई झिजते, आणि दर वेळी पुन्हा करून घेणं प्रत्येकाला परवडत नाही. दुधातलं केसीन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवतं, म्हणून पितळेत तापवलेलं, तासन्‌तास ठेवलेलं दूध तांबं ओढून घेतं. ओ’नील आणि टॅनर यांचा यावरचा पेपर १९८९ मध्ये आला. तान्ह्या बाळाला पित्तावाटे तांबं बाहेर टाकणं मोठ्यांइतकं जमत नाही. आईच्या दुधात तांबं कमी, पण वरचं दूध लवकर सुरू झालं की रोज थोडं थोडं साठत जातं. ज्या आईने घरातलं सर्वांत चांगलं, शुद्ध मानलेलं भांडं बाळाच्या दुधासाठी काढलं, तिला हे सांगायचं कसं, याचा विचार करून आजही मन कळवळतं.

पुण्याचं हे काम १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलं. शीर्षकातच ‘संभाव्य कारण’ असा शब्द होता, हे मला विशेष वाटतं. मग १९८७ मध्ये आजारी मुलांच्या आणि त्यांच्या जोडीला निवडलेल्या इतर मुलांच्या दूध पाजण्याच्या इतिहासाची तुलना एका बालपचनसंस्थेच्या जर्नलमध्ये आली. त्याच वर्षी पेनिसिलामीनच्या चाचण्याही प्रसिद्ध झाल्या. हे तांबं बाहेर काढणारं औषध विल्सन्स डिसीजसाठी वापरण्याची कल्पना इंग्लंडच्या जॉन वॉल्श यांना बॉस्टनमध्ये असताना सुचली होती. आजार लवकर पकडला तर काही मुलं वाचू लागली. त्यांतली कित्येक पुढे वर्षानुवर्षं जगली, हे १९९६ साली डॉ. आशिष बावडेकर व सहकाऱ्यांनी छापलं.

सगळ्यांना हे पटलं असं मात्र नाही, आणि गंमत म्हणजे शंका घेणाऱ्यांत १९७९ च्या पेपरवरचेच स्टर्नलीब होते! त्यांनी आणि शाइनबर्ग यांनी मॅसॅच्युसेट्समधली तीन गावं शोधली, जिथे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ८ मिलिग्रॅमहून जास्त तांबं होतं (ईपीएने ठरवलेली पातळी १.३ आहे). तिथल्या लहान मुलांची ६४ हजारांहून अधिक बाल-वर्षं तपासली, पण लिव्हरच्या आजाराने एकही मृत्यू सापडला नाही. हे त्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलं. मग पुण्याचे डॉक्टर चुकले का?

दोन वर्षांनी उत्तर आलं ते पॉपरसाहेबांच्या ऑस्ट्रियातून. टिरोलच्या डोंगराळ भागात १९०० ते १९७४ या काळात १३८ मुलं अगदी अशाच आजाराने गेली होती. तिथेही गाईचं दूध तांब्याच्या भांड्यात तापवत, आणि भांड्यांना कल्हई नव्हती. पण सगळी मुलं आजारी पडली नव्हती, ठरावीक घराण्यांतली पडली होती. म्हणजे तांबं हवं आणि ते न सोसणारा जीनही हवा. मॅसॅच्युसेट्सचं कोडं यातून बरंचसं उलगडतं. ‘इंडियन’ म्हणवला गेलेला आजार फक्त इंडियन नव्हताच. हे वाचायला पॉपर मात्र नव्हते, ते १९८८ मध्येच गेले.

टिरोलमध्ये घराघरांतली भांडी बदलली आणि आजार आपोआप थांबला, का थांबला ते कोणाला कळायच्या आत. पुण्याकडेही स्टीलची पातेली येतच होती, पण तिथे डॉक्टर प्रत्येक आईला भांडं बदलायला सांगत होते. एकेकाळी वॉर्डात नेहमी दिसणारी ती मुलं पुढच्या काळात दिसेनाशी झाली.