राज्याच्या वेशीवर थांबणारी नोंदणी

जुन्नरच्या मानमोडी लेण्यांतले ब्राह्मी लेख निवर्तनांत मोजलेल्या शेतांची दानं नोंदवतात. दानाचा विनियोग श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिकांच्या संघांकडे सोपवलेला दिसतो. जमिनीच्या व्यवहारात भरवशाचा मधला माणूस लागतो, हे आमच्या मुलखाला इतकं जुनं ठाऊक आहे.

माझे वडील नारायणगाव-मंचर पट्ट्यात जमिनींची मध्यस्थी करत. परवाना नव्हता, शब्द होता. कोणाचा फेरफार अडलाय, कोणत्या बांधावरून भाऊबंदकी आहे, हे त्यांना तोंडपाठ. पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यातल्या आदिवासींच्या जमिनीला ते हात लावत नसत. १९७४ पासून जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीविना ती बिगर-आदिवासीला विकता येत नाही.

२०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन कायद्यानं नोंदणीकृत प्रकल्पांतली घरं-भूखंड विकणाऱ्या एजंटाला नोंदणी सक्तीची केली. १ मे २०१७ पासून महाराष्ट्राचं रेरा प्राधिकरण, महारेरा, सुरू झालं. २०२३ मध्ये प्रशिक्षण आणि परीक्षाही आली. पण कलम ९ नुसार ही नोंदणी एका राज्यापुरतीच. महारेरात नोंदणी असलेला माझा एजंट भाचा बेळगावला स्थायिक झाला, तेव्हा त्याला कर्नाटक रेराकडे नव्यानं अर्ज करावा लागला. नोंदणी बदलून नेण्याची सोयच नाही.

मला हे योग्य वाटतं. कर्नाटकात सातबाराच्या जागी पहाणी, नियम वेगळे, मुद्रांकही वेगळा. ते शिकल्याशिवाय कुणाच्या आयुष्यभराच्या कमाईला हात लावू नये. मात्र इथली वर्षानुवर्षांची स्वच्छ कारकीर्द नव्या राज्यानं जमेस धरायलाच हवी.