जंगल आधी की पाऊस?

परवा नातवाने फोनवर विचारले, "आजोबा, जंगलामुळे पाऊस पडतो ना?" गोंडपिपरीला शिकवत असताना एका पोराने वर्गात उलटेच विचारले होते, "गुरुजी, पावसामुळे जंगल, की जंगलामुळे पाऊस?" मी पुस्तकातले वाक्य ऐकवून त्याला खाली बसवले.

खरे तर दोन्ही बरोबर. झाड मुळांनी पाणी ओढते, पानांतून वाफ करून हवेत सोडते. त्यातले काही पुन्हा पाऊस होऊन पडते. रानाच्या जागी शेती आल्याने देशातला मोसमी पाऊस कमजोर झाला, असे मुंबई आयआयटीच्या संशोधकांनी २०१६ साली मांडले.

१९८४ च्या सुमारास गडचिरोलीत 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन झाले, ते भोपालपट्टणम आणि इंचमपल्ली धरणांविरुद्ध. हवामानबदल हा शब्द तेव्हा आमच्या कानावरही नव्हता. गावे आणि रान बुडू नये, एवढेच लोकांचे म्हणणे. धरणे झाली नाहीत, तेवढे रान वाचले.

मी मात्र तेव्हा पोरांकडून रोज दोन पाने शुद्धलेखन लिहून घेत होतो. बल्लारपूरच्या पेपर मिलला बांबू आमच्याच भागातल्या रानातून जायचा. किती वह्या भरवल्या, मोजले नाही.