गांजा, वेड आणि १८९३चा आयोग

गांजा कायदेशीर करावा का, हा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एक: गांजाने माणूस वेडा होतो. दुसरं: अहो, इंग्रजांच्या आयोगानेच तो निरुपद्रवी ठरवला होता! दोन्ही वाक्यं आपल्याला एकाच ठिकाणी घेऊन जातात, म्हणून आज तिथेच जाऊ.

१८९३ साली ब्रिटिश संसदेत हिंदुस्थानातल्या गांजाबद्दल प्रश्न विचारला गेला आणि सरकारला सात जणांचा आयोग नेमावा लागला. मॅकवर्थ यंग अध्यक्ष, सभासदांत तिघे हिंदी. ११९३ साक्षी झाल्या, त्यांत मुंबई इलाखा आणि वऱ्हाडातल्याही होत्या.

पण आमच्या मते खरं काम साक्षींत नाही, वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदवह्यांत झालं. या वह्यांत एक रकाना असे: वेडाचं कारण. बऱ्याच नोंदींत तिथे ‘गांजा’. हा शब्द लिहिला कोणी? डॉक्टरांनी? नाही. रोग्यासोबत पोलीस-मॅजिस्ट्रेटकडून जो कागद यायचा, त्यावरून तो उतरवला जायचा. रकाना रिकामा ठेवायचा नाही. माणूस चिलीम ओढत होता एवढं कळलं की कारण मिळालं! आयोगाने १८९२च्या नोंदी एकेक करून पुन्हा तपासल्या. गांजाच्या नावावर २२२ रोगी होते. त्यांतले ९८च कसेबसे टिकले. वर्षानुवर्षं अहवालांत छापला गेलेला आकडा असा निम्म्याहून खाली आला.

आता दुसऱ्या वाक्याकडे. आयोगाने ‘निरुपद्रवी’ कुठे म्हटलं? बेताच्या सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो, असं म्हटलं. शिफारसही मोकळीकीची नव्हती: बंदी नको, पण परवाने, कर आणि नियंत्रण हवं. करातून तिजोरीही भरत होती, हे विसरून कसं चालेल? तिघा हिंदी सभासदांपैकी दोघांनी, ताहिरपूरचे राजा आणि लाला निहालचंद यांनी, वेगळी मतं नोंदवली. गांजाच्या बाजूने हा अहवाल फडकवणारे या भिन्नमतपत्रिका क्वचितच उघडतात. शिवाय आजचा जास्त तीव्र माल आणि तो ओढणारी शाळकरी पोरं, हे त्या आयोगापुढे नव्हतंच. कोवळ्या वयात सुरुवात, रोजचं सेवन आणि मनोविकार यांचा संबंध आजच्या संशोधनात दिसतो. तेव्हा तो ‘वेडा होतो’वाला माणूस सगळाच चुकीचा नाही, बरं का.

पुढे १९६१चा आंतरराष्ट्रीय करार आला. त्याच्या व्याख्येत झाडाचा शेंडा, फुलोरा आला. नुसतं पान वगळलं. आपला १९८५चा अमली पदार्थ कायदा हीच वाट धरतो. म्हणून बनारसला सरकारी परवान्याच्या दुकानात भांग मिळते. आपल्याकडे १९४९च्या दारूबंदी कायद्याने भांगेवरही बंधनं आहेत, ती गोष्ट वेगळी. पण त्याच झाडाचा फुलोरा सापडला तर? किलोपर्यंत असेल तर एक वर्षापर्यंत कैद, वीस किलोंच्या वर असेल तर किमान दहा वर्षं. आणि डिसेंबर २०२०मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत कडक यादीतून काढायचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी मंजूर झाला, तेव्हा त्या २७ मतांत भारताचंही एक मत होतं. घरचा कायदा मात्र होता तसाच राहिला.