वेळापत्रकाने ठरवलेला अभ्यासक्रम

विद्यापीठांचा इतिहास लिहिणारे कुलगुरूंवर लिहितात, इमारतींवर लिहितात, बदलत्या अभ्यासक्रमांवर तर पानेच्या पाने खर्ची घालतात. परीक्षेच्या वेळापत्रकाला मात्र कुणी साधा परिच्छेदही देत नाही. ते परीक्षा विभागातल्या बाबूंचे काम; सूचनाफलकावर लागायचे, मुलांनी वहीत उतरवून घ्यायचे आणि शेवटचा पेपर झाला की रद्दीत जायचे. पण विद्यार्थ्याने कोणकोणते विषय एकत्र शिकायचे, हे विद्वत्सभांच्या ठरावांनी जितके ठरवले, जवळपास तितकेच या कागदाने ठरवले आहे. ठरावांवर निदान वाद तरी झाले, वेळापत्रकावर तेही नाहीत.

१८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे विद्यापीठे निघाली ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवायचे महाविद्यालयांनी, परीक्षा घ्यायची विद्यापीठाने, अशी वाटणी होती. मुंबईच्या १८५९ च्या पहिल्या मॅट्रिकला १३२ उमेदवार बसले आणि २२ उत्तीर्ण झाले. त्यांतल्या मोजक्यांनी पुढे १८६२ मध्ये पहिली बी. ए. पदवी मिळवली, महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्यांतलेच. या परीक्षांचे वेळापत्रक आखायला अक्कल लागत होती ती फक्त सभागृह मिळवण्याची आणि प्रश्नपत्रिका वेळेत छापून घेण्याची. सगळ्यांचे विषय बहुतेक एकच असल्याने पेपर एकामागून एक लावले की काम संपले. एकाऐवजी दुसरा विषय घ्यायची मुभा जिथे होती, तिथेही अडचण नव्हती, कारण दोन्ही विषय घेणारा उमेदवारच नसायचा. म्हणून ते दोन पेपर एकाच वेळी ठेवता येत. आपल्या शालान्त मंडळाच्या वेळापत्रकात मराठी, गुजराती, कन्नड, सिंधी या प्रथम भाषांचे पेपर आजही एकाच दिवशी, एकाच सत्रात असतात, ते याच न्यायाने. एकही सामाईक उमेदवार नसलेले पेपर एकत्र बसवा, असलेले वेगळे करा: वेळापत्रकाचे सारे शास्त्र एवढ्यात आले. मात्र हे शास्त्र सोपे राहते ते विषयांचे गट आधीच बांधलेले असतात तोवरच.

गट सुटले ते अमेरिकेत. चार्ल्स एलियट १८६९ ते १९०९ अशी चाळीस वर्षे हार्वर्डचे अध्यक्ष होते आणि त्या काळात त्यांनी सक्तीचे विषय जवळजवळ मोडीत काढून विद्यार्थ्याला हवे ते निवडू दिले. इतर विद्यापीठे कमीअधिक प्रमाणात त्याच वाटेने गेली. आता रसायनशास्त्राबरोबर ग्रीक आणि त्याबरोबर अर्थशास्त्र घेणारा विद्यार्थी शक्य झाला, आणि त्याचे तीनही पेपर वेगवेगळ्या सत्रांत हवेत हेही ओघाने आले. यावर तिथल्या विद्यापीठांत रुळलेला तोडगा मोठा चतुर आहे. सोमवार-बुधवार-शुक्रवारी सकाळी दहाला भरणाऱ्या सर्व वर्गांची परीक्षा एका ठरावीक सत्रात, अकराच्या वर्गांची दुसऱ्या. एकाच विद्यार्थ्याला दहा वाजता दोन वर्गांत बसणे शक्य नसते, म्हणून परीक्षेतही गाठ पडत नाही. म्हणजे परीक्षेचा प्रश्न तासिकांच्या वेळापत्रकावर ढकलला गेला. पण तो सुटला असे म्हणता येणार नाही. ग्रीक आणि रसायन दोन्ही दहाला भरत असतील, तर ती जोडी सत्र सुरू होण्याआधीच बाद झालेली असते.

ज्यांना हा तोडगा पुरला नाही, ते गणिताकडे वळले. संगणक विद्यापीठांत पोहोचले तसे १९६४ मध्येच परीक्षांची वेळापत्रके संगणकावर आखण्याबद्दल शोधनिबंध छापून आले. १९६७ मध्ये वेल्श आणि पॉवेल यांनी हा प्रश्न नकाशा रंगवण्याच्या जुन्या कोड्याशी जोडला. प्रत्येक पेपर म्हणजे एक बिंदू. दोन पेपरांना सामाईक विद्यार्थी असेल तर त्यांच्यात रेघ. रेघेने जोडलेल्या बिंदूंना एक रंग द्यायचा नाही. रंग म्हणजे सत्र. ज्या पेपराचे सर्वांत जास्त पेपरांशी भांडण, त्याला आधी जागा द्या, ही त्यांची रीत. पुढे १९९६ मध्ये कार्टर, लापोर्ट आणि ली यांनी खऱ्या संस्थांची तेरा उदाहरणे गोळा केली. टोरंटो, पर्ड्यू, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स त्यांत आहेत. त्यांनी थकव्यालाही किंमत लावली: एकाच विद्यार्थ्याचे दोन पेपर लागोपाठच्या सत्रांत आले तर दंड १६, एक सत्र मध्ये गेले तर ८, मग ४, २ आणि १. त्या तेरांत भारतीय विद्यापीठ एकही नाही. यात नवल नाही. गट बांधून देणाऱ्या पद्धतीत हा प्रश्न एवढा चिघळतच नव्हता.

इथे कुणी म्हणेल, मग संगणकावर सोपवून मोकळे व्हावे, त्यात धोरणाचा काय संबंध? संबंध असा, की दिवस मोजके असतात. सत्रे हवी तितकी वाढवता आली तर कोणतीही निवड सामावून घेता येते. शेवटी प्रत्येक पेपराला स्वतंत्र सत्र द्या, गाठ पडणारच नाही. पण निकालाची तारीख आणि पुढच्या वर्षाचे प्रवेश पाठीशी असतात. महाराष्ट्रात तर कायद्याचाच धाक आहे. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने परीक्षांचे वेळापत्रक वर्षारंभी प्रसिद्ध करणे बंधनकारक केले आणि निकालाला ३० दिवस, फार तर ४५, अशी मुदत घातली. २०१६ च्या कायद्यातही निकालाची तीच मुदत आहे. दिवस बांधले गेले की कुणाला तरी ठरवावे लागते: कोणत्या जोड्या जपायच्या आणि कोणत्या सोडायच्या. संगणक ही यादी बनवत नाही, दिलेली यादी पाळतो.

ऑनलाइन अभ्यासक्रम-सूचीने या व्यवहारात वेगळाच बदल केला. अनेक परदेशी विद्यापीठांत विषयाच्या नोंदीशेजारीच अंतिम परीक्षेचे सत्र दिसते, तेही नावनोंदणीच्या आधी. भारतात बिट्स पिलानीची पद्धत याच जातीची आहे. तिच्या गोव्यातल्या संकुलातही सत्र सुरू होताना मिळणाऱ्या वेळापत्रकात प्रत्येक विषयापुढे अंतिम परीक्षेची तारीख आणि सकाळ की दुपार हे छापलेले असते, आणि दोन विषयांच्या परीक्षा एकमेकींवर आल्या तर ते दोन्ही घेता येत नाहीत. पूर्वी विद्यार्थी निवडत आणि कार्यालय गाठी सोडवत बसे. आता गाठी आधीच जाहीर होतात आणि विद्यार्थी त्या चुकवून निवडतो. यात प्रामाणिकपणा आहे, हे मान्य करायलाच हवे. ऐन परीक्षेच्या तोंडावर कळण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरे. मात्र अशा व्यवस्थेत तक्रारींची संख्या शून्यावर येते आणि कार्यालयाला वाटते, अडचण उरली नाही. न झालेल्या नोंदणीची तक्रार कोण करणार?

ही रीत आपल्या संलग्न महाविद्यालयांच्या विद्यापीठांत जशीच्या तशी आणता येत नाही. शेकडो महाविद्यालये, प्रत्येकाच्या तासिका निराळ्या, कुठे सकाळचे वर्ग तर कुठे दुपारचे. वर्गाच्या वेळेवरून परीक्षेचे सत्र ठरवायचे तर कुणाची वेळ धरायची? त्यात आपली खास भर एटीकेटीची. मागच्या सत्राचे राहिलेले विषय आणि चालू सत्राचे विषय एकाच हंगामात देणारा विद्यार्थी असतो, म्हणून पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाचे पेपरही बेधडक एकत्र ठेवता येत नाहीत. वेल्श-पॉवेलच्या भाषेत, जिथे रेघ नव्हती तिथे एटीकेटीने रेघ ओढली. श्रेयांक-सत्र पद्धत आल्यावर मुंबईत बी. ए., बी. कॉम., बी. एस्सी.च्या पहिल्या चार सत्रांच्या परीक्षा विद्यापीठाच्या वतीने महाविद्यालयांकडे गेल्या. त्यामागे उत्तरपत्रिकांच्या ढिगाचे कारण ठळक होते, पण वेळापत्रकाचा गुंताही त्यातूनच हलका झाला.

अशा विरळ जोड्या जपण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप संख्येचा आहे. भूगोलाबरोबर संगणकशास्त्र मागणारी मुले असतात किती? चार-दोनांसाठी हजारोंची परीक्षा लांबवायची का? व्यवहार म्हणून हा आक्षेप खरा आहे. पण नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह अशी जी मांडणी आहे, तिचे समर्थन याच चार-दोनांच्या नावाने केले जाते. शिवाय ते चार-दोन का आहेत, हे आजच्या आकड्यांवरून सांगता येणार नाही, कारण हे आकडे दीडशे वर्षांच्या बांधील गटांतून आलेले आहेत. मागणी कमी म्हणून सत्र नाही आणि सत्र नाही म्हणून मागणी कमी, हे चक्र भेदायचे तर महाविद्यालयाने कोणते विषय एकाच वेळी ठेवले आणि त्यामुळे कोणत्या जोड्या बाद झाल्या, ही यादी प्रवेशाच्या माहितीपत्रकाबरोबर छापायला हवी. बिट्सच्या विद्यार्थ्याला निदान आपली जोडी कुठे अडली हे दिसते. संलग्न महाविद्यालयात बाद झालेली जोडी अर्जावर येतच नाही.