लाल शाईच्या चार ओळी

कॅम्पावरचा मागचा लेख वाचून बऱ्याच जणांनी आपल्या आजोबा-पणजोबांच्या पलटणीच्या आठवणी कळवल्या. कुणाकडे बर्मा स्टार आहे, कुणाकडे इटलीतला फोटो. वाचून छाती भरून आली. पण पेन्शन न घेता, ट्रंक डोक्यावर घेऊन, मान खाली घालून गावात परत आलेल्या माणसाबद्दल कुणीच लिहिलं नाही. अशी माणसं आपल्याकडे होती आणि आहेत. मी कॅम्पाजवळच्या शाखेत काही वर्षं पेन्शनच्या काउंटरवर काढली, त्यामुळे त्यातली काही माझ्यासमोर उभी राहिलेली आहेत. आज त्यांच्याबद्दल.

आधी थोडा इतिहास. मराठा लाइट इन्फंट्रीचा उगम १७६८ सालच्या मुंबईकडच्या शिपाई पलटणीत आहे, आणि बेळगावात तिचं ट्रेनिंग १९२२ पासून. त्यामुळे बेळगाव, खानापूर, चंदगड, गडहिंग्लज, आजरा, सावंतवाडी या पट्ट्यात फौजेची नोकरी ही शेतीसारखीच घरची गोष्ट झाली. एक भाऊ नांगराला, एक पलटणीत. इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव ही नावं आमच्या लहानपणी शाळेत ऐकायला मिळत. कूत-अल-अमाराचं नाव मात्र कुणी घेत नसे. मेसोपोटेमियातल्या त्या गावात १९१५ च्या डिसेंबरात तुर्कांनी वेढा घातला. आत १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. जवळजवळ पाच महिने उपासमार झाली आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. पुढे कैद, वाळवंटातली पायपीट. त्यातून जे परत आले त्यांची डोकी ठिकाणावर होती का, हे कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. त्याच सुमाराला, १९१५ मध्ये, चार्ल्स मायर्स नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी 'शेल शॉक' हा शब्द वैद्यकाच्या मासिकात छापून आणला. आमच्या गावांत त्यासाठी 'बाहेरचं झालंय' हा शब्द होता. देवाला कौल लावायचा, गाऱ्हाणं घालायचं, कोंबडं द्यायचं, संपलं.

फौजेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला एक डिस्चार्ज बुक मिळतं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. त्यात नंबर, नाव, भरतीची तारीख, मेडल, आणि दोन महत्त्वाच्या जागा असतात. एक म्हणजे नोकरी सुटण्याचं कारण, आणि दुसरी चारित्र्याचा शेरा. 'एक्झेम्प्लरी' पासून सुरू होऊन 'व्हेरी गुड', 'गुड', 'फेअर' अशी ती उतरंड. सिक्युरिटीच्या नोकरीला, कर्जाला, मुलीच्या सोयरिकीला हेच पुस्तक दाखवायचं. शिपायाला पेन्शन बसायला पंधरा वर्षं लागतात. ती भरायच्या आत बाहेर पडला तर पेन्शन नाही, आणि शिक्षा होऊन बाहेर पडला असेल तर 'माजी सैनिक' हा शब्दसुद्धा लावता येत नाही.

आता लाल शाईबद्दल. रजा संपून उशिरा हजर होणं, न सांगता जाणं, दारू पिऊन ड्युटीवर येणं, यासाठी कमांडिंग ऑफिसर जास्तीत जास्त २८ दिवसांची कैद देऊ शकतो. शिक्षा अशी जड असली की तिची नोंद लाल शाईत होते. अशा चार नोंदी झाल्या की १९५४ च्या आर्मी रूल्समधल्या नियम १३ खाली माणसाला काढता येतं. कारणाच्या जागी लिहितात, 'सर्व्हिसेस नो लाँगर रिक्वायर्ड'. याबद्दल लष्कराच्या मुख्यालयाचं २८ डिसेंबर १९८८ चं पत्र आहे. त्यात असंही म्हटलंय की काढण्याआधी चौकशी करा, माणसाने किती वर्षं आणि कुठल्या कठीण जागी नोकरी केली ते बघा. पण चार म्हणजे चार, असाच अर्थ पुष्कळ ठिकाणी घेतला गेला.

१९९२ साली आमच्या काउंटरवर एक म्हातारी आली. हातात ते पुस्तक. आमच्याच गल्लीतली, त्यामुळे ओळख होती. तिच्या मुलाला सगळे अप्पा म्हणत, मीही तेवढंच लिहितो. पलटणीचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

"सायबा, पेन्शनीचं खातं उघडायचं हाय."

पीपीओ नाही, तर खातं कसलं उघडणार? मी सांगितलं तसं. ती म्हणाली, "मग ह्यात काय लिवलंय ते तरी वाच." मी वाचून मराठीत सांगितलं, की यांच्या नोकरीची आता गरज उरली नाही.

"गरज न्हाई म्हंजे? लढाईला न्हेताना हुती नव्हं गरज?"

मागे लाईन होती. मी काही बोललो नाही.

अप्पा १९८१ च्या जूनमध्ये भरती झालेला. १९८७ मध्ये शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत गेला. जुलै १९८७ ते मार्च १९९० या काळात तिथे आपले सुमारे बाराशे जवान गेले, हे आता अनेकांना आठवतही नाही. तो १९८९ मध्ये परत आला आणि १९९२ च्या जानेवारीत घरी. दहा वर्षं सात महिने. गल्लीत निकाल लगेच लागला, 'दारूनं नोकरी घालवली बघा'. खरं तर घरी आल्यावर तो दारूसुद्धा पीत नव्हता. पिण्यासाठी उठावं लागतं. मारुतीच्या देवळासमोरच्या कट्ट्यावर सकाळी बसला की दुपारी बायको हाताला धरून जेवायला नेत असे. पावसाळ्यापूर्वी कौलं परतायची तर शेजाऱ्यांनी परतली. बहिणीच्या लग्नात मांडवात आला नाही. आईने सगळे देव केले. डॉक्टरकडे कुणी नेलं नाही, कारण ताप नव्हता, जखम नव्हती.

त्याला पहिली गोळी मिळाली २०११ मध्ये. मुलगी शिकून नोकरीला लागली आणि तिने त्याला मानसोपचाराच्या ओपीडीत नेलं. डॉक्टरांनी नैराश्य असं निदान केलं, बऱ्याच जुनं. औषध सुरू झालं आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात अप्पा शिडी लावून छपरावर चढला. मी गॅलरीतून पाहिलं. वीस वर्षांनी.

ही मुलगी २०१४ मध्ये माझ्याकडे कागद घेऊन आली. "काका, तुम्ही बँकेतले. बाबांचं हे प्रकरण परत उघडता येतं का बघा." मी कॉमर्सचा माणूस, कायदा शिकलेलो नाही. पण कागद वाचणं हाच माझा धंदा होता. फुलस्केप घेऊन दोन रकाने पाडले. डावीकडे अप्पाची नोकरी, उजवीकडे शिक्षा. १९८१ ते १९८८ उजवा रकाना कोरा. लान्स नाईकची परीक्षाही पास. १९८९ मध्ये परतल्यावर सतरा दिवस लष्करी इस्पितळात, 'झोप नाही, जेवण नाही', आणि परत ड्युटीवर. त्यानंतर तीन महिन्यांत पहिली लाल नोंद, रजा संपून उशिरा येण्याची. मग दुसरी, तिसरी, चौथी. एखाद्या पार्टीचे हप्ते सात वर्षं वेळेवर येतात आणि अचानक थकायला लागतात, तेव्हा साधा क्लार्कसुद्धा विचारतो की या माणसाचं झालं काय.

विचारायची सोय फौजेत आहे. जवानाच्या वागण्यात फरक दिसला तर कमांडिंग ऑफिसरने एएफएमएसएफ-१० नावाचा फॉर्म भरून त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचं असतं. 'शेप' नावाची जी मेडिकल कॅटेगरी असते, तिचं पहिलंच अक्षर मनासाठी आहे. त्यात माणूस अगदी खाली गेला तर मेडिकल बोर्ड त्याला घरी पाठवतं. अशा वेळी आजार नोकरीमुळे झाला किंवा वाढला असं ठरलं तर अपंगत्वाची पेन्शन मिळते, आणि तिला पंधरा वर्षांची अट नाही. म्हणजे तोच माणूस, तोच आजार. फॉर्म भरला गेला तर आजारी, नाही भरला गेला तर बेशिस्त. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त चीड याची आली.

अमेरिकेत यासाठी वेगळी व्यवस्था आहे. तिथे १९४४ च्या कायद्याने डिस्चार्जचा शेरा तपासून बदलणारी मंडळं नेमली. व्हिएतनामहून आलेल्या हजारो जणांना वाईट शेरे मिळाले होते. २०१४ मध्ये त्यांच्या संरक्षणमंत्र्यांनी लेखी सूचना दिली, की युद्धाच्या मानसिक आघातामुळे वर्तन बिघडलं असेल तर उदार दृष्टीने बघा, आणि २०१७ मध्ये इतर मानसिक आजारही त्यात स्पष्टपणे घेतले. आपल्याकडे फक्त शेरा बदलून देणारं असं मंडळ नाही. २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण झालं आणि २००९ पासून ते चालू आहे, तिथेच जायचं. आता सीमाभागाची गंमत बघा. चंदगडचा जवान मुंबईच्या पीठाकडे जाणार, गोव्याचाही मुंबईलाच. मध्ये असलेल्या बेळगावचा माणूस कर्नाटकात, म्हणून त्याने कोचीला जायचं. एकाच बराकीत शेजारी झोपलेले दोघे!

न्यायालयांचं वारं तोवर बदललेलं होतं. २०१३ मध्ये धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या नियमांचा अर्थ स्पष्ट केला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस शरीराने आणि मनाने धड होता असं धरायचं, पुरावा त्याच्याकडे मागायचा नाही, शंकेचा फायदा त्याला द्यायचा, आणि बोर्डाने 'नोकरीशी संबंध नाही' असं नुसतं न लिहिता कारणं द्यायची. आजार फेफऱ्याचा होता, पण तत्त्व सगळ्यांना लागू. त्याच वर्षी स्किझोफ्रेनिया म्हणून १९७७ मध्ये घरी पाठवलेल्या एका जवानाचं प्रकरण त्याच न्यायालयाने पुन्हा मेडिकल बोर्डाकडे पाठवलं. मग ऑक्टोबर २०१५ मध्ये वीरेंद्रकुमार दुबे यांचा निकाल आला. चार लाल नोंदी झाल्या म्हणून यांत्रिकपणे काढता येणार नाही, १९८८ च्या पत्राप्रमाणे चौकशी झालीच पाहिजे. हा निकाल मुलीनेच शोधून मला प्रिंट काढून दिला. अप्पाची चौकशी झालेली नव्हती.

आता वेळेचा प्रश्न. पेन्शन न मिळालेल्या जवानाची कागदपत्रं फौज २५ वर्षं ठेवते, नंतर नष्ट करते. उरते फक्त लाँग रोलमधली ओळ. अप्पाची २५ वर्षं जानेवारी २०१७ मध्ये भरत होती. माहिती अधिकारात दोन अर्ज केले होते, एकाला उत्तर 'संबंधित शाखेकडे पाठवले', दुसऱ्याला काहीच नाही. अपील केलं. नोव्हेंबर २०१६ मध्ये जाड पाकीट आलं. शिक्षेची पानं, इस्पितळात दाखल केल्याची पानं. नोटाबंदीची धांदल चालू होती, मुलगी एटीएमच्या रांगेत उभी राहूनच ते वाचत होती म्हणे. निदानाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'निरीक्षणासाठी'. एवढंच.

अर्ज दाखल झाला. चोवीस वर्षांचा उशीर माफ झाला, कारण पेन्शनचा हक्क दर महिन्याला नव्याने उभा राहतो असं न्यायालयांनी मानलेलं आहे. निकाल यायला दोन वर्षं गेली. चौकशीविना काढणं चूक ठरलं. पंधरा वर्षं पुरी होईपर्यंत अप्पा नोकरीत होता असं धरून पेन्शन द्यायचा हुकूम झाला, थकबाकी मात्र अर्जाआधीच्या तीनच वर्षांची. आजाराचा मुद्दा टिकला नाही. सतरा दिवसांच्या कागदात निदान नाही, मग १९८९ मध्ये नैराश्य होतं हे कशावरून, असा तो तर्क. कायद्याने कदाचित बरोबर असेल. पण ज्यांनी निदान करायचं त्यांनी ते केलं नाही, याचा फायदा जवानाला मिळायला हवा होता असं मला वाटतं, आणि धरमवीर निकालाचा अर्थही मी तसाच लावतो. पुढे दिल्लीला जावं असं मी म्हटलं. अप्पा नको म्हणाला.

त्याने मुलीकडून निकाल दोनदा वाचून घेतला. इंग्रजीतून मराठी करत ती सांगत होती. शेवटी त्याने विचारलं, "आणि माझ्या आजाराचं?" ती म्हणाली, "त्याचं काही नाही, बाबा."

अलाहाबादहून पीपीओ आला. आई २००९ मध्येच गेली होती, तिने काही हे पाहिलं नाही. खातं त्याच शाखेत उघडलं. थकबाकीतून कौलं उतरवून स्लॅब घातला. पेन्शन बसल्यामुळे ईसीएचएसचं कार्ड झालं, आणि नैराश्याच्या गोळ्या आता अप्पाला दर महिन्याला तिथूनच मोफत मिळतात.